मुलाला ‘गाव सोड’ असे आम्ही का सांगितले

सीमाभागात मराठीचे काम करणाऱ्याने आपल्याच मुलास गाव सोडण्याचा सल्ला द्यावा, ही गोष्ट अनेकांस विसंगत वाटेल. यंदा आम्ही उभयतांनी तो सल्ला आमच्या मुलास दिला. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी यांना घेऊन त्याने तुकईथड सोडावे आणि अकोल्यास बिऱ्हाड करावे, असे दिवाळीनंतर आम्ही त्याला स्पष्ट सांगितले. तेव्हापासून हा विषय घरात आणि घराबाहेरही चालू आहे. काही सहकाऱ्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. ‘तुम्हीच असे म्हणू लागलात, तर इतरांनी काय करावे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. हे उत्तर सीमेपलीकडील मराठी वाचकांसाठीही आहे. कारण आमच्या मुलाबाळांनी जायचे ठरवले तर ती तुमच्याच गल्लीत, तुमच्याच शाळेत येणार आहेत.

तुकईथड हे बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतील गाव. नावातच मराठी ऐकू येते. तुकाई ही देवी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पुजली जाते, आणि थड किंवा थडी म्हणजे काठ. भीमथडी, गंगथडी ह्या नावांत तोच शब्द आहे. ‘तुकाईचा काठ’ असा आमच्या गावाच्या नावाचा अर्थ आम्ही लावतो. ह्या परिसरात कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी अशा चार भाषा एकाच बाजारात नांदतात. आमच्या घरची बोली वऱ्हाडी. ‘मला, तुला’ ह्याऐवजी आम्ही ‘मले, तुले’ म्हणतो. हाच ‘-ले’ प्रत्यय अकोटात आणि तेल्हाऱ्यात घरोघर ऐकू येतो. राज्याची सीमा आमच्या विभक्तीपर्यंत पोहोचलेली नाही.

ही सीमा फार जुनीही नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत अकोला आणि खंडवा एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या जुन्या मध्यप्रदेशाने हिंदी आणि मराठी ह्या दोन्ही भाषांना राजभाषा मानले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिला. २००३ साली खंडवा जिल्ह्यातून बुऱ्हाणपूर वेगळा झाला. ह्या साऱ्या घडामोडींत आमचे घर जागचे हलले नाही. केवळ पत्त्यातील राज्य आणि जिल्हा बदलत गेला.

पत्ते बदलले तरी येणेजाणे चालू होते, ते रेल्वेमुळे. अकोला-खंडवा ही मीटरगेज लाइन अकोट, हिवरखेड, धूळघाट, तुकईथड अशी सातपुड्यातून जात असे. धूळघाटाजवळ रूळ मोठा वळसा घेऊन स्वतःच्याच खालून निघत. ते पाहण्यासाठी लहानथोर खिडकीशी गर्दी करीत. आमच्याकडील पुष्कळ सुना त्या गाडीने आल्या. आमच्या सूनबाईंचे माहेर हिवरखेडकडचे. पण रुंदीकरणासाठी २०१७ पासून अकोटच्या पुढची गाडी बंद झाली. लाइनचा मोठा टप्पा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. जंगलातूनच रुंदीकरण करावे की सोनाळा-जामोदकडून वळसा घालावा, ह्यावर वर्षानुवर्षे वाद चालला. वाघाचे रान राखले जावे ह्याविषयी आमच्या मनात दुमत नाही. अकोला ते अकोट हा भाग रुंद होऊन २०२२ साली त्यावर गाडी सुरू झाली. ती अकोटास थांबते. थेट गाडीने माहेरी जाणारी सूनबाई आता लेकरू कडेवर घेऊन बसगाड्या बदलत जाते. वर्षातून चार वेळा होणारी फेरी एकदाच होऊ लागली. त्याबरोबर नातीच्या कानांवर पडणारी आजोळची मराठीही कमी झाली.

नातीचे बोलणे आम्ही वर्षभर कान देऊन ऐकत आहोत. तिने ‘पानी’ म्हटले, ‘दूध’ऐवजी ‘दुद्दू’ म्हटले, तर आम्ही चिंता करीत नाही. नामे ही भाषेतील पाहुणी मंडळी असतात. मराठीने फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी अशी कितीतरी नामे पोटात घेतली आणि ती मराठीच राहिली. परंतु गेल्या काही महिन्यांत ती ‘मले भूक लागली’ ह्याऐवजी ‘मेरेको भूक लागली’ म्हणू लागली आहे. सर्वनाम बदलले. त्यापाठोपाठ क्रियापद बदलते, आणि मग वाक्य मराठीचे राहत नाही. अंगणवाडीत, गल्लीत, मोबाईलच्या गाण्यांत सर्वत्र हिंदी आहे. त्यात त्या लेकराचा दोष नाही आणि हिंदीचाही नाही. हिंदी तिला यावीच. आम्हांस एवढेच वाटते की तिला शाळेत मराठी लिहावाचायला मिळावे. आमच्या पायाखालच्या अंतरात तशी शाळा आम्हांस सापडली नाही.

कायदा ह्याबाबत मुका नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला गेला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ह्यासाठी पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा, असे तो सांगतो. त्याआधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सोपे माप ठरवले होते: शाळेत त्या भाषेची ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. हे माप आजही भाषिक अल्पसंख्याकांच्या चळवळीत आधार म्हणून सांगितले जाते.

आमच्या सहकाऱ्यांच्या नाराजीचे मूळ ह्या दहाच्या आकड्यात आहे. पुढील काही वर्षांत पहिलीत जाणाऱ्या मराठी घरांतील मुलांची यादी आम्हीच गेल्या उन्हाळ्यात दारोदार फिरून केली. तीत अकरा नावे भरली. अकरावे नाव आमच्या नातीचे आहे. ती गेली तर दहा उरतात. आणखी एक घर उठले तर नऊ. यादी घेऊन अर्ज करणारा माणूसच आपल्या घरचे नाव खोडायला निघाला, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांचे वाक्य आम्ही पुष्कळ दिवस मनात वागवले.

तरीही आमचे मत पालटले नाही. त्या यादीतील प्रत्येक नाव एका लेकराचे आहे, आणि ते यादीत असल्यामुळे त्याच्यावर काही अधिक कर्तव्य येत नाही. शिक्षक मिळण्यास किती वर्षे लागतील हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. नातीच्या वयाची वर्षे मात्र ठरलेली आहेत. गेल्या पावसाळ्यात तिला तापात झटके आले. तेव्हा रात्री गाडी मिळवण्यातच दीड तास गेला. त्या दीड तासात मुलाच्या चेहऱ्याकडे पाहताना भाषेचा प्रश्न आमच्या मनातही आला नाही. जेथे दवाखाना जवळ, शाळा आपल्या भाषेतील, पुढचे महाविद्यालय त्याच शहरात, आणि मुलाच्या हातच्या कामास गिऱ्हाईक आहे, तेथे त्याने जावे, हे आईबाप म्हणून आम्हांस सांगावेसे वाटले, आणि आम्ही ते सांगितले.

सीमा ओलांडली की सुबत्ता लागते, असा आमचा भ्रम नाही. आमच्या लगतचा धारणी तालुका मेळघाटात आहे. कुपोषणामुळे त्या भागाचे नाव देशभर गेले. धारणी आम्हांस बुऱ्हाणपूरहून जवळ असली तरी तेथे जाऊन प्रश्न सुटणार नव्हता. मुलाच्या मनात इंदूर होते. तो शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करतो. इंदुरास ह्या कामाला तोटा नाही. इंदूरच्या मराठीविषयी आम्हांस आदरच आहे. होळकरांच्या काळापासून ती तेथे रुजली आहे, आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही त्या शहरात एकाहून अधिक वेळा भरले. तथापि ते मराठीपण घरे, मंडळे आणि सभागृहे यांनी जपले आहे. खेड्यातून नवे गेलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे, रात्री आठपर्यंत दुकानात खपणारे जोडपे त्या सभागृहापर्यंत केव्हा पोहोचणार? अकोल्यात दुकानाची पाटी, शाळेचा फळा, दवाखान्याची रांग हे सारे मराठीत आहे. तेथे मराठी टिकवण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार नाही. शिवाय सूनबाईंचे माहेर जवळ येते, आणि लहान मूल असलेल्या घरास ह्याचे मोल फार असते.

सल्ला ऐकून मुलगा प्रथम गप्प राहिला. मग म्हणाला, “मी गेलो त तुमाले कोन पायीन?” दोन दिवसांनी दुसरा प्रश्न आला: “बाबा, तिथं आमाले हिंदीवाले म्हनतीन. अन् कागदपत्राचं काय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी होते. कागदपत्रांच्या प्रश्नाने आम्हांस बरेच हिंडवले.

महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांचे वास्तव्य मागतात. नात आज तीन वर्षांची आहे. येत्या जूनपर्यंत तिचे बिऱ्हाड अकोल्यास गेले, तर अठराव्या वर्षी, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशांच्या वेळी, ती पंधरा वर्षे पुरी होतात. सहा वर्षांची झाल्यावर गेली, तर तीन वर्षे कमी पडतात. ‘पहिलीच्या वेळी पाहू’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक सीमावासी घराने हे साधे गणित आधी मांडावे, अशी आमची विनंती आहे. निघण्यापूर्वी जन्मदाखला, विवाहनोंदणी आणि पालकांचे शाळा सोडल्याचे दाखले जमवून ठेवावेत, आणि नव्या ठिकाणी गेल्याबरोबर भाडेकरार व वीजबिल यांचे कागद जपावेत. वास्तव्याची पंधरा वर्षे पुढे त्यांवरूनच सिद्ध करावी लागतात. एका कार्यालयात आमच्या मुलास ‘तुमचे गाव नकाशात दाखवा’ असे सांगण्यात आले. त्याने ते दाखवलेही; अर्ज मात्र पुढे सरकला नाही.

जातीच्या दाखल्याचा पेच ह्याहून कठीण आहे. एकच जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या माणसास नव्या राज्यात त्या जातीचे आरक्षण मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात हे तत्त्व सांगितले, आणि २०१८ साली घटनापीठाने त्याचा पुनरुच्चार केला. इतर मागासवर्गीय कुटुंबांनाही व्यवहारात असाच अनुभव येतो. कोरकू बांधवांची स्थिती पाहा: सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर त्यांची एकच भाषा, एकच कुळे, तरी डोंगर उतरून पलीकडे वस्ती केली की सवलत अलीकडेच राहते. आमच्या मुलाने हे सारे समजून घेतले आणि हिशेबात धरले. हा तोटा लपवून त्याला ‘जा’ म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटले नसते.

येथे सीमाभागाच्या चळवळीस एक गोष्ट सांगावीशी वाटते. कर्नाटकातील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तेथील मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत स्वतंत्र तरतूद आहे. २०२३ साली आरोग्य योजनेचा लाभही त्या गावांना देऊ करण्यात आला. बेळगाव, निपाणी, कारवार येथील बांधवांनी दीर्घ लढ्याने हे मिळवले, आणि त्यांचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात असूया नाही. परंतु बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट येथील मराठी मुलांचे नाव कोणत्याही यादीत नाही, कारण आमच्या बाजूस वाद नाही. भांडण नसणे हा अपात्रतेचा मुद्दा व्हावा काय? २०११ च्या जनगणनेत मध्यप्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून अधिक लोक होते. आम्हांस एक इंचही भूमी नको. आमच्या मुलांना दोन राज्यांच्या मध्ये पडू देऊ नका, एवढीच मागणी आहे.

आता सहकाऱ्यांच्या मूळ आक्षेपाकडे येतो. सीमेवरची माणसे निघून गेली तर सीमेवरची मराठी संपेल, हे त्यांचे म्हणणे संख्येच्या दृष्टीने खरे आहे. पण माणसांना अडवून ठेवल्याने ती वाचते काय? मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण ह्यासाठी विचारात घेण्याजोगे आहे. थोरले गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूर येथे जन्मले. घरची भाषा मराठी. लिहिले मात्र हिंदीत, आणि हिंदी कवितेत त्यांचे स्थान अढळ आहे. धाकटे शरच्चंद्र १९२१ साली इंदुरास जन्मले, पुढे नागपुरास स्थिरावले आणि मराठीचे कवी, कादंबरीकार झाले. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘सरहद्द’ आहे. एकाने भाषा सोडली आणि दुसऱ्याने राखली, असा निवाडा करणे उथळपणाचे होईल. दोघांच्याही हाती दोन्ही भाषा होत्या, म्हणून दोघांना निवड करता आली. आमच्या नातीने मोठेपणी हिंदीत लिहावे, इंग्रजीत काम करावे, कदाचित पुन्हा निमाडात यावे. तो तिचा अधिकार. मात्र निवडीच्या वेळी मराठी तिच्या हाताशी असली पाहिजे. आज तुकईथडला राहून ती तशी असेल, असे आम्हांस दिसत नाही.

मुलाला ‘जा’ कसे म्हणावे, हाही प्रश्न आहे. कारण आपल्या भाषेत घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. पुष्कळ घरांत हे बोलणे भांडणावर येते, म्हणून आमचा अनुभव थोडक्यात सांगतो. आम्ही मुलाशी एकट्याशी बोललो नाही. सूनबाई समोर असतानाच बोललो, कारण बिऱ्हाड दोघांचे आहे आणि नव्या गावी पहिला भार तिच्यावर पडणार आहे. आज्ञा केली नाही. ‘आम्हांस असे वाटते, तुम्ही ठरवा’ म्हणालो आणि मग महिनाभर विषय काढला नाही. आमच्या म्हातारपणाचे काय, ह्याचे उत्तर आधी तयार ठेवले: शेत पुतण्याकडे ठोक्याने दिले, औषधाचे ठरवले, शेजारच्या घराशी बोलून ठेवले. ‘आमचे पाहून घेऊ’ एवढ्या मोघम शब्दांनी कोणत्याही मुलाचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. सहा महिन्यांचे घरभाडे आम्ही कापसाच्या पैशांतून देऊ म्हणालो. आणि तेथे जम बसला नाही तर परत येण्यात कमीपणा नाही, तुमची खोली तशीच राहील, हेही सांगितले. मुलगा दोनदा अकोल्यास जाऊन आला आहे. मोटारीच्या कामाचा एक गाळा त्याने पाहून ठेवला आहे. मे महिन्यात सामान जाईल.

आमचे काम येथेच चालू राहील. यादीतील दहा नावांचा अर्ज आम्ही मागे घेतलेला नाही. शिक्षक मिळेपर्यंत त्या दहा मुलांना संध्याकाळी आमच्या ओसरीवर अक्षरओळख करून देण्याचे आम्ही उभयतांनी पत्करले आहे. सध्या सहा मुले येतात, पाटी-पेन्सिल आम्ही देतो. ज्यांना राहायचे आहे त्यांना येथे मराठी मिळावी आणि ज्यांना जायचे आहे त्यांना सन्मानाने जाता यावे, ह्या दोन्ही गोष्टी आमच्या कामातच बसतात.

शेवटी सीमेपलीकडील बांधवांना दोन शब्द. ह्या उन्हाळ्यात आमच्याकडून अशी काही कुटुंबे तुमच्याकडे येतील. त्यांच्या आधार कार्डावर मध्यप्रदेश लिहिलेले असेल, आणि बोलण्यात मध्येच हिंदी क्रियापद येईल. त्यांना खोली भाड्याने देताना ‘तुम्ही हिंदीवाले का?’ असे विचारू नका. शाळेत त्यांचे लेकरू ‘मेरेको’ म्हणाले तर वर्गास हसू देऊ नका. शिक्षकाने शांतपणे ‘मला’ म्हणावे, किंवा ‘मले’ म्हणावे, दोन्ही मराठीच आहेत. अधिवासाचा अर्ज भरताना कोणी अडला असेल तर शेजारी म्हणून चार ओळी लिहून द्या. आपल्या आमदारांकडे कामानिमित्त गेलात, तर बुऱ्हाणपूरकडच्या मराठी मुलांसाठीही प्रवेशाची तरतूद असावी, हे एक वाक्य त्यांच्या कानावर घाला. तुमच्याकडून एवढे झाले, तर येथील अनेक आईबापांना आपल्या लेकरांशी हा विषय काढणे सोपे जाईल.